कंठ आकड्यांचा, मुख विजेचे

कन्नड तालुक्यातले पिशोर असो की मराठवाड्यातले दुसरे कुठले गाव, पट्ट्यांची दोन वाद्ये तिथे सगळ्यांच्या ओळखीची असतात. एक भजनी मंडळाची पेटी आणि दुसरा ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड. हा कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असला तरी गावात त्याला बहुधा ‘कॅसिओ’च म्हणतात. दोन्हींवर काळी पाच दाबून धरली तर सूर एकच निघतो. पेटीचा सूर मात्र ऐकत राहावासा वाटतो आणि साध्या कीबोर्डवरचा पेटीचा आवाज थोड्याच वेळात निर्जीव वाटू लागतो. असे का?

पेटीत भात्याचा दाब क्षणाक्षणाला किंचित बदलतो. एकाच सुरासाठी दोन पत्त्या वाजत असतील तर त्या कधीच तंतोतंत जुळलेल्या नसतात. साधा कीबोर्ड मात्र साठवलेला एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, होता तसाच वाजवतो. माणसाचा कान हा तोचतोपणा फार लवकर ओळखतो.

विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य म्हणजे सिंथेसायझर. ते बनवणाऱ्यांपुढे १९८० च्या दशकात हाच प्रश्न होता. आकड्यांवर चालणारे यंत्र नेमके, स्वस्त आणि सुरात पक्के होते, पण कोरडे वाजे. निव्वळ विजेच्या दाबावर चालणारे यंत्र रसाळ वाजे, पण महाग आणि सुराला चंचल होते. काही कारखान्यांनी दोन्ही एकाच पेटीत बसवली. त्या वाद्यांना हायब्रीड सिंथेसायझर म्हणतात.

हायब्रीड म्हणजे नेमके काय

मराठवाड्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आले आणि पुढे ‘हायब्रीड’ हे ज्वारीच्याच एका प्रकाराचे नाव होऊन बसले. उतारा भरपूर, पण भाकरीला मालदांडीची गोडी नाही, अशी तिची ख्याती. संकर करताना दोन वाणांचे गुण एकत्र यावेत अशी अपेक्षा असते, पण गुणांबरोबर दोष येतातच. वाद्याच्या संकरातही तेच घडले, म्हणून त्याची बलस्थाने आणि उणिवा वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. ज्या भागामुळे वाद्य चांगले वाजते, बहुतेक वेळा तोच भाग पुढे त्रास देतो.

या संकरातला एक वाण ॲनालॉग. त्यात विजेचा दाब अखंड बदलत जातो, कन्नडच्या घाटातला रस्ता चढत जावा तसा. दोन ठिकाणांच्या मध्ये आणखी एक ठिकाण असतेच. दुसरा वाण डिजिटल. त्यात चढण म्हणजे जिना. पहिली पायरी, दुसरी पायरी, मध्ये काही नाही. पायऱ्या पुष्कळ आणि बारीक असल्या तर जिनाही घाटासारखाच भासतो. पायऱ्या मोठ्या असतील तर पायाला कळतात, आणि कानालाही.

सुराचा प्रवास

सिंथेसायझर कसा गातो हे समजायला माणसाचा गळा पुरेसा आहे. एकाच पट्टीत ‘आ’ म्हणावे आणि सूर न सोडता हळूहळू ‘ऊ’वर यावे. सूर तोच राहतो, पण त्याचा रंग बदलतो. कंठातल्या स्वरतंतूंनी केलेला गुंजारव तसाच असतो. बदलतो तो जिभेने आणि ओठांनी बनवलेला तोंडाचा आकार. गुंजारवातले काही अंश तो आकार पुढे जाऊ देतो, काही अडवतो.

सिंथेसायझरमध्ये कंठाचे काम ऑसिलेटर करतो. ठरावीक वेगाने एकच लहर पुन्हा पुन्हा काढत राहणारे हे मंडल आहे. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाला ही लहर सेकंदाला ४४० वेळा येते. तोंडाचे काम फिल्टर करतो. फिल्टर म्हणजे चाळणी. ती बहुधा वरचे, चिरके अंश अडवते. चाळणी किती उघडी ठेवायची ते वाजवणारा ठरवतो. तिच्या काठाशी येणारे अंश मुद्दाम फुगवण्याचीही सोय असते, तिला रेझोनन्स म्हणतात. नळाखाली घागर भरत आली की तिचा आवाज घुमत घुमत वर चढतो. रेझोनन्स वाढवून चाळणी उघडत नेली की जवळपास तोच परिणाम मिळतो.

तिसरा भाग आवाज लहानमोठा करणारा ॲम्प्लिफायर. फिल्टर आणि ॲम्प्लिफायर या दोघांना कालक्रमाने हुकूम देणारा भाग म्हणजे एन्व्हलप. सतारीची तार छेडली की आवाज एकदम उसळतो आणि विरत जातो. बासरीचा आवाज श्वासाबरोबर उमलतो आणि टिकतो. पट्टी दाबल्यापासून ती सोडल्यावर सूर संपेपर्यंत आवाजाने कसे चढावे, कुठे थांबावे आणि कसे विरावे, याचा नकाशा एन्व्हलपमध्ये असतो.

दशकाच्या मध्यावर आलेल्या ज्या वाद्यांना पक्के हायब्रीड म्हणतात, त्यांत कंठ डिजिटल असतो आणि मुख ॲनालॉग. ही विभागणी सोयीतून आली. त्या काळच्या स्वस्त चिपना साठवलेली लहर वाचता येई, कारण त्यात गणित फार नाही. चाळणीचे काम आकड्यांनी करायचे तर सेकंदाला हजारो वेळा गुणाकार-बेरजा कराव्या लागतात, आणि तेही प्रत्येक सुरासाठी वेगळे. ते परवडणारे नव्हते. त्याउलट अख्खी ॲनालॉग चाळणी सामावलेली एक छोटी चिप बाजारात सहज मिळत होती.

उन्हाळ्यात सुटणारा सूर

निव्वळ ॲनालॉग वाद्यात नेमके काय खटकत होते? तबलजी मैफलीच्या मध्येच हातोडी उचलतो, कारण हवा बदलली की तबला चढतो किंवा उतरतो. ॲनालॉग ऑसिलेटरचेही तेच. बहुतेक वाद्यांत विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर जातो. हे नाते ज्या ट्रान्झिस्टरच्या गुणावर उभे असते, तो गुण तापमानाबरोबर बदलतो. दर अंश सेल्सियसला सुमारे एक तृतीयांश टक्का. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते. काहीच उपाय केला नाही तर एका अंशाच्या फरकाने सप्तकामागे सुमारे ४ सेंट चूक होते. खोली १० अंशांनी तापली की ४० सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात दुपारी जुळवलेले वाद्य रात्रीच्या कार्यक्रमात सुरात राहणे कठीण. तापमानाचा परिणाम भरून काढणारे भाग निर्माते घालत असत, तरी चूक पूर्ण जात नसे. आठ सुरांच्या वाद्यात असे सोळा ऑसिलेटर असले की गोंधळ सोळापट.

संकराच्या तीन पायऱ्या

भारतात सिंथेसायझर तसा लवकर आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूगचा आवाज आणला. ती यंत्रे पूर्ण ॲनालॉग होती. एकदा जमलेला आवाज पुन्हा हवा असेल तर खुंट्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवाव्या लागत.

आकड्यांनी पहिल्यांदा शिरकाव केला तो मुनिमाच्या भूमिकेत. गादीवर मालक म्हणून वीजच बसलेली, हिशेब ठेवायला फक्त मायक्रोप्रोसेसर. जपानच्या रोलंड कंपनीचा १९८१ चा ज्युपिटर-८ हे याचे ठळक उदाहरण. आठ सूर एकाच वेळी, प्रत्येकाला दोन असे सोळा ॲनालॉग ऑसिलेटर, आणि खुंट्यांच्या जागा लक्षात ठेवून ६४ आवाज परत देणारी स्मृती. सूर सुटले की एक बटण दाबायचे; मुनीम प्रत्येक ऑसिलेटर तपासून जुळवून देई.

हेच वाद्य मुंबईच्या चरणजित सिंग यांच्याकडे होते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या या वादकाने ज्युपिटर-८ बरोबर रोलंडचीच दोन छोटी यंत्रे जोडली, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जयंत्र, आणि १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी केली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचे नाव; भूपाली, यमन, मालकंस हे राग तीत आहेत. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना आश्चर्य वाटले, कारण शिकागोत टीबी-३०३ वरून जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताची खूण असलेला आवाज त्याच्या काही वर्षे आधी मुंबईत राग वाजवत होता. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले.

दुसरी पायरी म्हणजे सुराची मोजणी आकड्यांकडे देणे. रोलंडच्या जुनो-६० (१९८२) आणि जुनो-१०६ (१९८४) या वाद्यांत लहर ॲनालॉगच राहिली, पण तिचा वेग घड्याळातल्या स्फटिकासारख्या एका पक्क्या ठोक्यातून भागाकार करून ठरू लागला. असा ठोका तापमानाला सहसा बधत नाही. सूर सुटणे जवळपास थांबले.

तिसऱ्या पायरीवर लहरच आकड्यांची झाली. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वेव्ह २.२ (१९८२) आणि २.३ (१९८४) या वाद्यांत एकेका तक्त्यात ६४ लहरी ओळीने ठेवलेल्या असत. वहीच्या पानांवर थोडी थोडी बदलती चित्रे काढून पाने भरभर सोडली की चित्र हलते. तसाच हा तक्ता चाळला की आवाज रूप बदलत जातो. पुढे अमेरिकेच्या एन्सोनिकने ईएसक्यू-१ (१९८६) आणि जपानच्या कोर्गने डीडब्ल्यू-८००० (१९८५) बाजारात आणले. गुणदोष तपासायला डीडब्ल्यू-८००० सोयीचा आहे. तो फार स्वस्त नाही, फार दुर्मीळही नाही, आणि संकराची शिवण त्यात स्पष्ट दिसते.

जमेची बाजू

डीडब्ल्यू-८००० मध्ये ६१ पट्ट्या आहेत आणि आठ सूर एकदम वाजतात. प्रत्येक सुराला दोन डिजिटल ऑसिलेटर, एक स्वतंत्र ॲनालॉग फिल्टर आणि एक ॲनालॉग ॲम्प्लिफायर मिळतो. लहरींची संख्या सोळा, आणि त्या २५६ किलोबिटच्या चार स्मृतिचिपमध्ये कोरलेल्या आहेत. सगळे मिळून १२८ किलोबाइट. खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण एवढ्या जागेत, सेकंदाला ३० हजार नोंदी धरल्या तर, चार-साडेचार सेकंदच मावेल. म्हणून मुद्रण न ठेवता फक्त एकेका आवर्तनाचा आकार ठेवला. पट्टी दाबली की तो आकार हव्या त्या वेगाने वाचला जातो.

या सोळा आकारांत ॲनालॉग ऑसिलेटरला न जमणारे काही आहेत. ॲनालॉग मंडल करवतीच्या दात्यांसारखी, चौकोनी किंवा त्रिकोणी लहर सहज काढते, पण घंटेचा किंवा पियानोच्या तारेचा आकार त्याला काढता येत नाही. आकड्यांना आकाराचे बंधन नाही. त्यामुळे या वाद्याच्या आवाजात काचेवर नख वाजावे तशी चमक असते. पुढे ॲनालॉग चाळणी त्या चमकेवर हात फिरवते. लहरीतल्या पायऱ्यांचे कोपरे तिथे झिजतात, आठ सुरांच्या आठ चाळण्या एकमेकींशी अगदी जुळत नाहीत, आणि त्या किंचित फरकातून पेटीच्या दोन पत्त्यांची आठवण यावी असा जिवंतपणा येतो. वाद्याची सर्वांत मोठी ताकद हीच आहे. कोरड्या डिजिटल आवाजापेक्षा हा आवाज ऊबदार आहे आणि निव्वळ ॲनालॉगपेक्षा रंगाने विविध.

बोटांना ते प्रतिसादही चांगला देते. पट्टी जोरात मारली की आवाज मोठा आणि उघडा होतो. दाबून धरलेल्या पट्टीवर आणखी भार दिला तरी आवाज बदलतो. एन्व्हलपला नेहमीच्या चार टप्प्यांऐवजी सहा टप्पे आहेत, म्हणजे विरत चाललेला सूर मध्येच पुन्हा उमलवता येतो. शिवाय प्रतिध्वनी देणारा डिजिटल भाग आतच बसवलेला आहे. त्याने सूर अर्ध्या सेकंदापर्यंत मागे ठेवता येतो. तो अगदी थोडा मागे ठेवून हलवत राहिले की एका बासरीच्या दोन होतात. १९८५ मध्ये अशी सोय सहसा वेगळी पेटी घेऊनच मिळे.

मिडी ही सोयही त्यात आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये ही समाईक भाषा रूढ झाली. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे हे वाद्य आजच्या संगणकाने वाजवता येते. ज्युपिटर-८ कारखान्यातून निघाला तो मिडीविना.

पाणीपाळी आणि तिचे दोष

आकड्यांनी विजेला हुकूम द्यायचा कसा? इथे पाटाच्या पाण्याचा दाखला चपखल बसतो. आठ फिल्टर, आठ ॲम्प्लिफायर आणि त्यांच्या अनेक मागण्या, पण आकड्याचे विजेच्या दाबात रूपांतर करणारी महागडी चिप एक-दोनच. म्हणून पाणीपाळी लावली जाते. प्रोसेसर एकेक वाफा घेतो, त्यात हवा तेवढा दाब सोडतो, दार बंद करतो आणि पुढच्या वाफ्याकडे जातो. वाफ्याच्या जागी इथे एक कपॅसिटर असतो. पुढची पाळी येईपर्यंत त्याने दाब धरून ठेवायचा.

या एका युक्तीने वाद्य परवडण्याजोगे झाले, आणि याच युक्तीतून त्याच्या बऱ्याच तक्रारी निघतात. पाळी फिरायला वेळ लागतो. त्या काळचा प्रोसेसर पट्ट्या पाहणे, बटणे वाचणे, एन्व्हलपचे गणित करणे आणि पाणी सोडणे ही सगळी कामे एकटाच करी. त्यामुळे आघात झटपट हवा असतो तिथे, मृदंगाच्या थापेसारख्या आवाजात, तो थोडा बोथट निघतो. फिल्टर उघडण्याचे अंतर ६४ पायऱ्यांतच विभागलेले असल्याने, रेझोनन्स जास्त ठेवून चाळणी सावकाश उघडली की जिना चढल्यासारखे टप्पे ऐकू येतात. कपॅसिटर जुना झाला किंवा पाटीवर धूळ-ओल साठली की वाफा गळू लागतो आणि एखादाच सूर इतर सात सुरांपेक्षा दबका वाजतो.

दुसरा दोष आकड्यांच्या कंठाचा. चित्रपटात पळत्या गाडीचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, कारण कॅमेऱ्याच्या दोन चित्रांच्या मध्ये चाक जवळजवळ पूर्ण फेरा मारून येते. लहर ठरावीक वेगाने वाचताना हेच घडते. फार उंच अंश वाचनाच्या वेगात मावत नाहीत आणि खाली परतून खोटे सूर म्हणून ऐकू येतात. वरच्या सप्तकात त्यामुळे एक बारीक, बेसूर खरखर मिसळते. ती रागाच्या सुरांशी नाते राखत नाही, आणि चाळणीच्या काठाच्या खाली पडली तर चाळणीही तिला अडवू शकत नाही. पीपीजीच्या चाहत्यांना हीच खरखर आवडते. शांत रसाच्या वादनात मात्र ती बोचते.

तिसरा दोष सोयीचा आहे, आणि रंगमंचावर तोच अधिक जाचतो. ज्युपिटर-८ च्या पाटीवर प्रत्येक कामाला स्वतंत्र खुंटी आहे. डीडब्ल्यू-८००० मध्ये खर्च वाचवायला एकच सरकपट्टी ठेवली. आधी कामाचा क्रमांक दाबायचा, मग सरकपट्टी हलवायची. क्रमांकांची यादी पाटीवर छापलेली. सगळे दाखले एकाच खिडकीवर मिळणाऱ्या कार्यालयासारखे हे आहे. गाणे चालू असताना एका हाताने चाळणी आणि दुसऱ्याने प्रतिध्वनी बदलणे अशक्य. पट्ट्यांचे दोन भाग करून डावीकडे व्हायोलिनचा ताफा आणि उजवीकडे बासरी ठेवायचीही सोय नाही. ऑर्केस्ट्रातल्या वादकाला ती रोज लागते. ईएसक्यू-१ ने ती दिली होती, वर गाणे साठवून ठेवणारी यंत्रणाही दिली होती. सूर आठच असल्याने दोन्ही हातांनी भरगच्च वाजवले तर नववा सूर आधीच्या एखाद्याला गिळून टाकतो; विरत जाणारी स्वरवलये मध्येच तुटतात.

चाळीस वर्षांनंतरचे शरीर

संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. पिकातले दाणे राखून पुढच्या साली पेरले तर तेच पीक येत नाही. हायब्रीड सिंथेसायझरच्या चिपांचेही असेच आहे. कोर्गच्या फिल्टर-चिपचे नाव एनजेएम-२०६९. ती खास कोर्गसाठी बनली आणि तिचे उत्पादन कधीच थांबले. बिघडली तर दुसऱ्या मेलेल्या वाद्यातून काढून आणावी लागते. जुनो-१०६ ची कथा आणखी बोलकी आहे. त्याच्या फिल्टर-ॲम्प्लिफायरच्या छोट्या जोडपाट्यांवर, ८००१७ए या नावाच्या, संरक्षणासाठी राळेचा लेप दिला होता. वर्षांनुवर्षांनी त्याच लेपातून वीज गळू लागली आणि सूर कडकडू किंवा गप्प होऊ लागले. आता छोटे निर्माते त्यांच्या प्रतिकृती बनवतात, म्हणून जुनो-१०६ जगला आहे.

स्मृतीसाठी आत बसवलेली बॅटरी हे दुसरे दुखणे. कोर्गच्याच पॉलिसिक्स (१९८१) या वाद्यातली बॅटरी वेळेवर काढली नाही तर पाझरते आणि मुख्य पाटीवरचे तांबे खाऊन टाकते. नंतरच्या वाद्यांतल्या नाण्यासारख्या बॅटऱ्या कमी धोक्याच्या, पण त्या संपल्या की साठवलेले सगळे आवाज जातात. त्यावर उपाय त्या काळाला शोभणारा होता. वाद्याला कॅसेट रेकॉर्डर जोडायचा. आवाजांची माहिती किरकिरणाऱ्या सुरांच्या रूपात फितीवर नोंदली जाई आणि तीच फीत परत वाजवून स्मृती भरता येई. भजनाची कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर सिंथेसायझरची आठवण ठेवता येत होती.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. जपानी घरगुती बाजारासाठी बनलेले वाद्य १०० व्होल्टचे असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते थेट जोडले तर जळू शकते. उतरता ट्रान्सफॉर्मर आणि शक्यतो स्टॅबिलायझर हवा. दुसरी गोष्ट उष्णता. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आतला ओला द्रव उष्णतेने वाळतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेले वाद्य थंड देशातल्या वाद्यापेक्षा लवकर म्हातारे होते, ते यामुळे.

चौकट : जुने वाद्य घेण्यापूर्वी
मागच्या बाजूचा व्होल्टचा आकडा वाचून मगच ते लावावे. साधा, टिकणारा आवाज निवडून एकच पट्टी आठ-दहा वेळा दाबावी. दर वेळी वेगळा स्वरमार्ग, म्हणजे एका सुराचे ऑसिलेटर, फिल्टर आणि ॲम्प्लिफायर, कामाला लागतो, त्यामुळे आठांपैकी एक आजारी असेल तर ठरावीक फेरीने तो पकडता येतो. मग प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात मारून पाहावी. पट्टीखाली दोन संपर्क असतात, आणि दोहोंच्या मधल्या वेळावरून यंत्र जोर ओळखते. तिथे धूळ असेल तर पट्टी गप्प राहते किंवा कशीही दाबली तरी ओरडते. अर्धा तास वाद्य चालू ठेवून पुन्हा ऐकावे, कारण बरेच दोष तापल्यावरच दिसतात. जुनी बॅटरी काढण्याआधी स्मृतीतले आवाज कॅसेटवर किंवा मिडीतून संगणकावर उतरवून घ्यावेत.

रागाच्या कसोटीवर

मराठी घरात या वाद्याचा विचार करताना एक प्रश्न येतोच : यावर राग वाजेल का? पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले ते याच कारणाने. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. १४ सेंटचा हा फरक तयार कानाला स्पष्ट कळतो. डीडब्ल्यू-८००० आणि त्याची भावंडे समान भागांचेच सप्तक देतात. सूर पक्का असणे ही त्यांची खूबी, आणि इथे तीच त्यांची मर्यादा. ॲनालॉग वाद्य निदान स्वतःहून हलत तरी होते.

मींडेच्या बाबतीत मात्र सिंथेसायझर पेटीपेक्षा पुढे आहे. एका पट्टीवरून दुसरीवर सूर घसरत नेण्याची सोय जवळजवळ प्रत्येक वाद्यात असते, आणि डाव्या हाताशी सूर वाकवणारी दांडी असते. चरणजित सिंग यांच्या तबकडीत सूर पेटीसारखे तुटक वाटत नाहीत ते यामुळे. तरीही यंत्राची घसरण ठरीव वेगाने होते. गायक मालकंसातल्या कोमल गांधारावर रेंगाळतो, मध्येच थबकतो, हलकेच झुलतो. तेवढे करायचे तर दांडी हातात मुरवावी लागते आणि एका वेळी एकच सूर वाजवण्याचा संयम ठेवावा लागतो. सूर हळू उमलणारे, चाळणी अर्धी मिटलेली आणि प्रतिध्वनी थोडा, असा आवाज बांधला तर हायब्रीड वाद्य आलापाला आश्चर्यकारक साथ देते. जोड-झाल्यात, द्रुत तानांत ते मागे पडते, कारण पाणीपाळी तितक्या वेगाने फिरत नाही.

संकराचा अस्त आणि पुनरागमन

चिपमधली गणिताची ताकद वाढत गेली तशी ॲनालॉग मुखाची गरज निर्मात्यांना वाटेनाशी झाली. १९८७ चा रोलंडचा डी-५० आणि १९८८ चा कोर्गचा एम-१ ही वाद्ये पूर्ण डिजिटल होती. एम-१ मध्ये खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे, प्रतिध्वनीसारखे परिणाम आणि गाणे साठवण्याची सोय एकत्र मिळू लागली, आणि ऑर्केस्ट्रांना हवे होते ते नेमके हेच. पण एम-१ च्या फिल्टरला रेझोनन्सच नव्हता. घागर भरल्यासारखे घुमणे त्या यंत्राला येत नव्हते. आवाजांचा खजिना वाढला, आणि एकेक आवाज घडवण्याची मुभा आटली.

जुनी हायब्रीड वाद्ये त्यानंतर काही वर्षे अडगळीत पडली होती. आता ती शोधून, दुरुस्त करून वापरली जातात, आणि नवीही बनतात. इंग्लंडच्या नोव्हेशनने २०१७ मध्ये काढलेल्या पीक या वाद्यात कंठ डिजिटल आणि फिल्टर ॲनालॉग, हीच जुनी वाटणी आहे. फरक इतकाच की लहर इतक्या प्रचंड वेगाने वाचली जाते की खोटे सूर कानाच्या कक्षेबाहेर राहतात, आणि पाटीवर पुन्हा भरपूर खुंट्या आल्या आहेत. कोर्गच्या मिनिलॉग एक्सडी (२०१९) मध्ये दोन ॲनालॉग ऑसिलेटरांशेजारी एक डिजिटल ऑसिलेटर बसवला आहे आणि त्याचा आवाजही पुढे ॲनालॉग फिल्टरमधूनच जातो. डीडब्ल्यू-८००० च्या सोळा लहरींतली खरखर मात्र या नव्या वाद्यांत आपोआप येत नाही. ज्यांना ती हवी असते ते अजून उतरता ट्रान्सफॉर्मर लावून जुने वाद्यच सुरू करतात.